कमावत्या माणसांचा रकाना

सरकारला असा गरीब हवा होता, ज्याच्या खिशात पैसे आहेत. माहितीपत्रकात हे इतकं उघड लिहिलेलं नव्हतं. तिथे लाल छपराच्या घरासमोर हसणारं एक कुटुंब होतं आणि खाली ‘ग्रामीण भागात पहिले घर घेणाऱ्यांसाठी शासन-हमी कर्ज’ असं ठळक अक्षरात छापलं होतं. पण सूनबाईने मागची बारीक अक्षरं दोनदा वाचली आणि तिला मुद्दा समजला. उत्पन्न एका रेघेच्या खाली हवं, नाहीतर तुम्हाला मदतीची गरज नाही. आणि ते दुसऱ्या एका रेघेच्या वर हवं, नाहीतर तुम्ही हप्ते काय फेडणार? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. दोन रेघांमध्ये जी फट उरत होती तिच्यातून एखादं कुटुंब आडवं होऊन, श्वास रोखून सरकलं तर सरकलं असतं. सूनबाईचं कुटुंब त्या फटीत बरोब्बर बसत होतं. इतक्या नेमक्या मापाचं गरीब असणं हेसुद्धा कर्तृत्वच आहे, असं तिच्या नवऱ्याचं मत पडलं.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडांचे ठसे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची. अकरा वर्षं हेच काम. नवरा बस डेपोत ब्रेकच्या विभागात होता. त्याचा पगार ओव्हरटाइमप्रमाणे खालीवर व्हायचा, तिचा एका जागी उभा असायचा. म्हणून अर्जावर मुख्य अर्जदार ती आणि नवरा सहअर्जदार. घरात पहिल्यापासून असंच आहे, आता सरकारने लिहून मागितलं एवढंच, असं नवरा डेपोत सगळ्यांना सांगत सुटला होता.

तिसरे सासरे. वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय शिलाई मशीनची दुरुस्ती. हयात तेलात आणि सुयांत गेलेली. बाजारातलं दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी साडेआठला पान्यांची पिशवी घेऊन ते कामावर जायचे, दुपारी परत यायचे आणि महिन्याच्या एक तारखेला सूनबाईच्या हातात पाकीट द्यायचे. ‘घरखर्चाला’ एवढाच शब्द. ती नको म्हणायची, ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

राहायला तिघं एका लॉन्ड्रीच्या वर. दोन खोल्या. खालच्या इस्त्र्यांची वाफ लाकडी जमिनीच्या फटींतून वर यायची, त्यामुळे गावात सगळ्यांत कोरडे कपडे खालच्या मजल्यावर आणि सगळ्यांत दमट वरच्या. सासऱ्यांची घडीची खाट बाहेरच्या खोलीत होती. ती उघडली की त्यांचे पाय दारात येत. कुणालाही मोरीत जायचं तर ते ओलांडून जावं लागे, आणि दर वेळी ते झोपेतच ‘जा जा’ म्हणत.

घर सापडलं होतं शहरापासून बसने चाळीस मिनिटांवर. तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. मधल्या रस्त्याच्या डावीकडचा भाग सरकारच्या नकाशात ग्रामीण होता आणि उजवीकडचा शहरी. समोरच्या शेळ्या त्यामुळे शहरी ठरल्या होत्या आणि त्यांना योजनेचा लाभ नव्हता. घर डावीकडे. मालकीण म्हणजे निवृत्त झालेल्या पोस्टवाल्या बाई, त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. घर पाडून गोदाम बांधू इच्छिणारं एक रोखीचं गिऱ्हाईक त्यांच्या मागे लागलं होतं. पण बाईंची खालची कवळी सूनबाईच्या हातची होती आणि चार वर्षांत ती एकदाही टोचली नव्हती. म्हणून त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. कवळीच्या जोरावर मिळालेली मुदत त्यापुढे ताणता येणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

घर बघायला गेले तेव्हा सासरे सगळ्या खोल्यांतून हात मागे बांधून फिरले आणि पूर्वेच्या खोलीत जरा जास्त वेळ थांबले. उजेड चांगला आहे, म्हणाले. सुईत दोरा ओवायला दिवा लागणार नाही.

अर्जाच्या चौथ्या पानावर तक्ता होता: घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचे उत्पन्न. सूनबाई नवऱ्याचा आकडा लिहून थांबली, तेवढ्यात सासऱ्यांनी पेन मागून घेतलं. आपला रकाना त्यांनी स्वतः भरला, कागदावर हात आडवा धरून. मोठ्या माणसाच्या हाताखाली डोकावणं बरं दिसत नाही म्हणून तिने बघितलं नाही. मग पानं टाचली गेली.

तो आकडा तिने पहिल्यांदा वाचला तो कचेरीत, उलट्या बाजूने.

पात्रता कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या अधिकारी बाईंना बाहेर बाकावर बसलेले सगळे पात्रताबाई म्हणत. पन्नाशीच्या, एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. त्यांनी अर्जावरून बोट फिरवलं, बेरीज केली आणि नाकावरचा चष्मा काढला.

“अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जास्त कमावता.”

मर्यादेच्या वर, वर्षाला साडेसहा हजारांनी. सूनबाईने चौथं पान आपल्याकडे वळवून घेतलं. सासऱ्यांच्या रकान्यात त्यांच्या पाकिटाच्या तिप्पट आकडा होता. आणि तो गोल नव्हता. शेवटी सत्तेचाळीस होते.

ती काय समजायचं ते समजली. तिचं लग्न ठरलं तेव्हा याच माणसाने तिच्या वडिलांना मुलाचा पगार एक तृतीयांश फुगवून सांगितला होता. पहिल्याच महिन्यात तिला खरं काय ते कळलं, तिने विचारलं, तर सासरे शांतपणे म्हणाले होते की पगार वाढणारच होता. वाढलाही. सहा वर्षांनी त्या आकड्याला टेकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं जन्माचं तत्त्व. कर्ज मागायला जायचं तर चार पैसेवाले दिसून जावं, कंगालाला कोण उभं करतं, असा त्यांचा हिशेब असणार. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक तिने पाहिले होते. हे भांड्याला कल्हई करून गेले होते.

आकडा चुकून जास्त पडलाय, तिने पात्रताबाईंना सांगितलं. पात्रताबाईंना याचं नवल नव्हतं. इथे येणारा प्रत्येक जण श्रीमंत होऊन येतो, त्या म्हणाल्या. हेच लोक खालच्या मजल्यावर कर भरायला गेले की दिवाळखोर होतात. आकडा कमी करायला हरकत नव्हती, पण तोंडी काही चालणार नव्हतं. ज्यांच्याकडे सासरे काम करतात त्यांचं पत्र हवं होतं. आणि सगळं अठ्ठावीस तारखेच्या आत, कारण समिती महिन्यातून एकदाच बसते. त्यांना घरात दाखवलंच नाही तर, असं सूनबाईने नुसतं विचारून पाहिलं. त्यावर पात्रताबाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. पहिल्या वर्षात माणूस घर बघायला येतो, त्या म्हणाल्या. कागदावर नसलेला म्हातारा घरात सापडला तर कर्ज एकरकमी परत.

घरी सूनबाईने सगळं जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला. सासरे भिंतीकडे बघत म्हणाले, लिहिलं ते लिहिलं.

बाबा, थोडं कमी लिहायचंय, ती समजावत राहिली. पाकिटात देता तेवढंच लिहू, पत्र आणू, बसतंय त्यात. त्यांनी पत्राचं नाव ऐकलं आणि खाटेवर उठून बसले.

“मला गाळा,” ते म्हणाले. “मी तुझ्या आत्याकडे राहतो असं लिहा. विषय संपला.”

हे नवऱ्याला उद्देशून. नवरा डेपोतला माणूस, कागद आणि गाडी यांच्यातला फरक त्याला ठाऊक होता. कागदावरच तर गाळायचंय, तो पुटपुटला. सूनबाईने त्याच्याकडे फक्त बघितलं, आणि तो लगेच हात धुवायला गेला, तेही सासऱ्यांचे पाय ओलांडून.

तिला एकच कोडं पडलं होतं. आकडा फुगवणं समजू शकत होतं, माणसाचा स्वभाव. पण फुगवलेला आकडा खाली आणण्यापेक्षा स्वतःच्या घरातून नाव कमी करायला हा माणूस तयार होतो, हे कोणत्या हिशेबात बसतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती गणवेश शिवणाऱ्या सहकारी कारखान्यात गेली. सासऱ्यांच्या तोंडी सगळ्यांत जास्त नाव याच जागेचं असे. लांब खोली, दोन रांगा मशीन, त्यांची घरघर अशी की बोलायचं तर कानाशी जावं लागे. कापडाच्या थप्प्यांआडून मुकादमबाई आल्या. गळ्यात टेप, हातात खडू. सूनबाईने ओळख सांगितली तर त्यांचा चेहरा फुलला. त्या तिला बाजूच्या गल्लीत घेऊन गेल्या. पण पत्राचा विषय निघाला तसा तो चेहरा मिटत गेला.

“पैसे?” मुकादमबाई म्हणाल्या. “अहो, नऊ वर्षं झाली. नवी मशीनं घेतली तेव्हाच देखभालीचा करार कंपनीशी झाला. तुमच्या सासऱ्यांना आम्ही तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी साडेआठला हजर.”

मागच्या खोलीत जुनी सात मशीनं होती, शिकाऊ बायकांसाठी. सासरे येत, त्यांना तेल घालत, पट्टे बदलत, एकेक मशीन चालवून कान लावून ऐकत. कुणाचा टाका सुटायला लागला की बायका कंपनीच्या माणसाला फोन करायच्या आधी त्यांनाच हाक मारत, कारण कंपनीचा माणूस चार दिवसांनी येतो. पैसे दोनदा देऊ केले होते. दोन्ही वेळा ते म्हणाले, महिन्याचं एकदम बघू.

“आम्ही चहा देतो,” मुकादमबाई म्हणाल्या. “पण पगार देतो असं लिहून दिलं तर उद्या माझा ऑडिटर मला सोलेल. तुम्हाला माहीत नव्हतं?”

नव्हतं. आणि याचीच सूनबाईला सगळ्यांत जास्त लाज वाटली. कारण पाकीट कधीच सारखं नसायचं. शाळा उघडायच्या महिन्यात जाड, पावसाळ्यात बारीक, एका वर्षी तर डोळ्यांचं दुखणं झालं तेव्हा जवळजवळ रिकामं. ती अकरा वर्षं खोटे दात बनवत होती. खोट्या दातांची ओळ खरी दिसावी तर एखादा जरासा वाकडा बसवावा लागतो, एखाद्याची कड किंचित झिजवावी लागते, हे ती नव्या मुलींना शिकवायची. सासऱ्यांनी नऊ वर्षं दर महिन्याला तेच केलं होतं. इतकं सफाईदार काम तिच्या लॅबमध्येसुद्धा होत नव्हतं.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते एका मशीनवर वाकले होते, दातांत पेचकस, डोळे मिटलेले. मशीन थांबलं तसे त्यांनी डोळे उघडले, तर समोर सूनबाई.

“कधी आलीस?”

“आत्ताच.”

त्यांनी पेचकस पुसून पिशवीत ठेवला. “काय म्हणाल्या बाई?”

“चहा देतो म्हणाल्या.”

त्यांनी मशीनवर कापड घातलं, बायकांना येतो म्हणाले, आणि दोघं बाहेर पडली. बस थांब्यावर बाक होता. त्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते फार लांब नव्हतं. दुकान विकल्याचे पैसे आले होते. त्यांचे वडील एकोणसत्तराव्या वर्षी गेले, दोन्ही भाऊ सत्तरीच्या आत. म्हणून त्यांनी पैसे सत्तरीपर्यंतच्या महिन्यांत वाटले, वर सहा महिने जादा धरले, कारण माणसाने हात सैल ठेवावा. पुढे जगणं जरा लांबलं. मग पाकीट बारीक केलं, पण फार बारीक करता येईना, लक्षात आलं असतं. आता पाच महिन्यांचं उरलं होतं.

“आणि पुढे?” सूनबाईने विचारलं.

“पुढे काहीतरी झालंच असतं की.”

त्या ‘काहीतरी’चा अर्थ तिच्या डोक्यात शिरायला एक बस येऊन जावी लागली. मग तिला असा संताप आला की तिची पिशवी मांडीवरून खाली पडली. म्हणजे इकडे मरायच्या बेताने बजेट करायचं आणि तिकडे पूर्वेच्या खोलीत उजेड बघत उभं राहायचं?

“खोली आवडली होती,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू?”

सूनबाईला हसू आलं, आणि ते आवरायच्या नादात डोळ्यांत पाणीही आलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, हे बरं होतं. रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं की तिला आधी कळलं असतं तर काय केलं असतं. पाकीट बंद केलं असतं, ती म्हणाली. म्हणूनच, ते म्हणाले. हातात काही न देता ताटावर बसायचं, ते मला जमत नाही.

सूनबाईने पिशवी उचलली, झटकली. मग तिने लॅबमधल्या नव्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. रस्ते तीन. तुम्ही कमावता, मग घर गेलं, महिनाअखेरीला गोदामवाला पैसे मोजतोय. तुम्ही कमावत नाही, तर घर आपलं. तिसरा रस्ता तुम्ही काल सांगितलात, घरात तुम्ही नाहीच. त्या कागदावर मी सही करणार नाही.

“मुख्य अर्जदार मी आहे, बाबा. सरकारने तसं छापलंय. तुमच्याशिवायचं घर मला नकोय, आणि ते मी मनात आलं म्हणून बोलत नाहीये, माझ्या सहीचा प्रश्न आहे.”

दोन बसगाड्या गेल्या. तिसरीचा चालक ओळखीचा निघाला, नवऱ्याच्या डेपोतला. त्याने थांबून विचारलं की काका कामावरून का? सासऱ्यांनी मान हलवली. ती होय होती की नाही, हे चालकाला कळलं नसावं.

“बाई आहेत का त्या? पात्रतावाल्या?” शेवटी त्यांनी विचारलं. “पुरुष असता तर बरं होतं.”

सव्वीस तारखेला सूनबाईने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि दोघं कचेरीत गेली. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. त्याला तिने अजून काही सांगितलंही नव्हतं. ते माझ्या तोंडून नको, असं तिचं तिलाच वाटलं होतं.

पात्रताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सगळं म्हणजे सूनबाईने सांगितलं तेवढं. सासरे टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका दाबून बसवत होते. बचतीतून काढलेले पैसे उत्पन्नात धरत नाहीत, पात्रताबाई म्हणाल्या, बँकेचं पुस्तक दाखवलंत की झालं. मग खणातून एक छापील कागद निघाला, शून्य उत्पन्नाचं घोषणापत्र. सासऱ्यांनी तो हात लांब करून वाचला. ‘मी कोणतेही उत्पन्न मिळवत नसून सर्वस्वी’, पुढे रिकामी जागा, ‘यांच्यावर अवलंबून आहे.’

“सर्वस्वी काढा,” ते म्हणाले.

छापील आहे, पात्रताबाई म्हणाल्या.

“सर्वस्वी कसा? दाढी माझी मी करतो.”

“आजोबा, दाढीचं उत्पन्न आम्ही धरत नाही.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकला. सासऱ्यांनी पात्रताबाईंकडे बघितलं, मग सूनबाईकडे. तिने मदत केली नाही. मदत करावी असं काही तिथे नव्हतं. रिकामी जागा होती, आणि तीत तिचं नाव यायचं होतं. पात्रताबाईंनी मात्र कागदाच्या खालच्या टोकावर पेनाने टिचकी मारली. तिथे शेरा लिहायला दोन ओळी आहेत, त्या म्हणाल्या. काही लिहायचं असेल तर लिहा, त्या ओळी कुणी वाचत नाही, पण फाइलमध्ये कायमच्या राहतात.

त्यांनी आधी त्या ओळी भरल्या. ‘शिलाई मशीनची सर्व प्रकारची दुरुस्ती करतो. मोबदला घेत नाही.’ ‘घेत’ या शब्दावर पेन जरा जास्त दाबलं गेलं. मग वर जाऊन रिकाम्या जागेत सुनेचं नाव लिहिलं, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट, जसं लग्नाच्या नोंदणीत लिहिलं होतं तसं. उत्पन्नाच्या चौकटीत त्यांनी शून्य काढलं. फार लहान झालं. स्कॅनमध्ये दिसणार नाही, जरा मोठं काढा, असं पात्रताबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी ते गिरवून मोठं केलं.

बाईंनी पुन्हा बेरीज केली. वरच्या रेघेच्या खाली आले होते. खालच्या रेघेच्या वर किती, ते बघायला त्यांना वेळ लागला. सूनबाईने त्या वेळात भिंतीवरच्या नकाशातली सगळी ग्रामीण गावं वाचून काढली.

“बसतंय,” पात्रताबाई म्हणाल्या. “पोटात श्वास घेऊ नका, पण बसतंय.” समिती परवा आहे, फाइल मी स्वतः वर ठेवते, पोस्टवाल्या बाईंना आजच फोन करून सांगा.

खाली पायऱ्यांवर ऊन होतं. सूनबाईने पोस्टवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की मग स्वयंपाकघरातलं कपाट ठेवून जाते, मुलीच्या घरात ते मावणार नाही. फोन ठेवते न ठेवते तोच नवऱ्याचा आला. डेपोतून बोलत होता, मागे कुणीतरी हातोडा मारत होतं. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. काय झालं, घोडं कुठे अडलं, बसलं की नाही?

बसलं, ती म्हणाली.

“कसं काय बसलं? बाबांना गाळलंस?”

“नाही रे. फॉर्म भरताना माझीच चूक झाली होती. आकडा भलत्याच रकान्यात गेला होता.”

तिने हे ठरवून ठेवलेलं होतं आणि बोललीही व्यवस्थित. सासरे एक पायरी खाली उभे होते. त्यांनी मागे वळून हात पुढे केला.

“दे इकडे.”

तिने मान हलवली. त्यांनी हात तसाच ठेवला. तिने फोन दिला.

“चूक तिची नाही,” ते म्हणाले. नेहमीपेक्षा मोठ्याने, कारण हातोडा थांबला नव्हता. “मी कमावत नाही. नऊ वर्षं झाली. पाकिटं दुकानाच्या पैशातली होती. आता सरकारला लिहून दिलंय, म्हणून तुलाही सांगतो. पुन्हा विचारू नकोस.”

पलीकडे हातोडा बंद झाला. पायऱ्यांवरून लोक चढत-उतरत होते, हातात फायली, एकेकाच्या तोंडावर घरून पाठ करून आणलेली श्रीमंती. मग फोनमधून नवऱ्याचा आवाज आला, बारीक, शाळेतल्या मुलासारखा.

“मग रोज सकाळी कुठे जाता, बाबा?”

“कामाला,” सासरे म्हणाले, आणि फोन सुनेच्या हातात दिला.